तपासायचे किती?

परवा शनिवारी सकाळी बिजागरी तुटलेला लॅपटॉप घेऊन काकांच्या दुकानात गेलो होतो. काका म्हणजे नात्यातले नव्हेत. २००३ साली आमच्या घरी पहिला पीसी आला, तो यांनी जोडून दिला होता. पेंटियम फोर, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क. बाबांनी पैसे तीन हप्त्यांत दिले आणि यांनी काही न बोलता घेतले. तेव्हापासून ते काका. पुण्यात पेठेतल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर आठ बाय दहाचं दुकान. हाताखाली एक पोरगा, बाकी सगळीकडे स्क्रू.

शनिवारी अकराची वेळ, आणि दुकानात मी एकटा. समोरच्या दुकानावर मात्र पिवळाधमक फ्लेक्स: ‘कोणताही लॅपटॉप फॉरमॅट फक्त १९९ रुपये’. तिथे चार जण उभे.

‘‘मी दीडशे करू का रे?’’ काकांनी विचारलं. ‘‘नाहीतर दिवाळीनंतर शटर ओढून टाकतो. तू शिकलेला आहेस, तू सांग.’’

मी तावातावाने ‘अजिबात नको’ म्हणालो. हापिसात मीटिंगा करून करून असलं मत द्यायला जीभ सैल झालेली असतेच. घरी येताना मात्र जाणवलं, की त्यांच्यावर ही वेळ आणणाऱ्यांत मीही आहे. ते कसं, ते पुढे सांगतो. आधी हिशोब.

समजा भाडं १८ हजार, पोराचा पगार १५ हजार, वीज-फोन-सटरफटर ५ हजार आणि घरी न्यायला ४० हजार. झाले ७८ हजार. महिन्याचे कामाचे दिवस २६, म्हणजे रोज ३ हजार सुटले पाहिजेत. दोघं मिळून दिवसाला सहा मशीन नीट बघतात असं धरू. म्हणजे पार्टचा खर्च वगळून एका मशीनमागे ५०० रुपये हवेत. दीडशे रुपयांत हे जमवायचं तर रोज वीस मशीन हवीत. वीस मशीन रोज ‘बघणारा’ माणस काहीच बघत नसतो, तो फक्त फॉरमॅट मारतो.

आता तुम्ही म्हणाल, मग समोरच्याला १९९ कसं परवडतं? माझ्या मते स्वस्त दुकानदार दोन जातींचे असतात. पहिला प्रामाणिक. घरून काम करतो, भाडं नाही, पोरगा नाही. कीबोर्ड बदलणं, रॅम टाकणं, विंडोज चढवणं अशी ठरावीक कामं खरोखर कमी पैशात करून देतो. त्याच्याशी भांडण नको. ती कामं त्याला देऊन टाकावीत, जिंकेल तोच. दुसऱ्या जातीचा १९९ हा भाव नसतो, गळाला लावलेला किडा असतो. मशीन आत गेलं की ‘मदरबोर्डला प्रॉब्लेम आहे’ सुरू होतं.

आणि पार्टवरचा नफा? तो काकांच्या पिढीचा धंदा होता. तपकीर गल्लीतून माल आणायचा, थोडं वर लावून विकायचं, तपासणी फुकट. आज गिऱ्हाईक काउंटरवर उभं राहून मोबाइलवर त्याच डिस्कचा ऑनलाइन भाव दाखवतं. शिवाय भाव आपल्या हातातही नसतो. २०२५च्या अखेरीस रॅम किती भडकली ते आठवा. ज्या गोष्टीवर आपला ताबा नाही तिच्यावर पोट चालवायचं आणि ज्यात आपण वाकबगार आहोत ती फुकट वाटायची, असला हा उलटा कारभार आहे.

काका नेमके कशात वाकबगार आहेत? ‘स्लो झालाय’ या दोन शब्दांचा अर्थ लावण्यात. एक लॅपटॉप स्लो असतो कारण पंख्यात धूळ आणि प्रोसेसरवरची पेस्ट वाळलेली. तो तापतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. दुसरा स्लो असतो कारण हार्ड डिस्क मरायला टेकलेली. तिसऱ्याची गंमत आहे. काही कंपन्यांचे लॅपटॉप आपला अडॅप्टर ओळखतात. रस्त्यावरचा स्वस्त अडॅप्टर लावला की ओळख पटत नाही, मग बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर रांगायला लागतो. अशा मशीनला दहा वेळा फॉरमॅट मारा, ते स्लोच राहणार. तक्रार एक, रोग तीन, आणि १९९ वाल्याकडे औषध एकच.

आता माझी गोष्ट. २०२३च्या दिवाळीत बाबांचा लॅपटॉप रेंगाळायला लागला. आतून बारीक टकटक आवाज. रिटायर झाल्यापासून बाबा त्यावर गावाकडच्या आठवणी टाइप करत होते, जुने फोटो स्कॅन करून ठेवत होते. रविवार होता, काका बंद. घराजवळ एक स्वस्त दुकान उघडं होतं, तिथे टाकला. तासाभराने फोन आला, ‘‘साहेब, डेटा पाहिजे का?’’ मी दुसऱ्या कॉलवर होतो. ‘‘डी ड्राइव्ह ठेवा, सी उडवा,’’ म्हणालो आणि ठेवला.

बाबांचं सगळं डेस्कटॉपवर होतं. आणि डेस्कटॉप सी ड्राइव्हमध्ये असतो, हे मला, पंधरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेल्या माणसाला, फोन ठेवताना आठवलं नाही.

सोमवारी काकांकडे गेलो. त्यांनी मशीन चालूच केलं नाही. फॉरमॅटने सगळं लगेच पुसलं जात नाही, पण वर नवीन विंडोज चढली की जुन्यावर नवं लिहिलं जातं, आणि मशीन जितकं चालू राहील तितकं ते वाढत जातं. त्यात डिस्क आजारी. म्हणून त्यांनी डिस्क काढली आणि डीडीरेस्क्यू नावाच्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामने तिची नक्कल काढली. हा प्रोग्राम आधी धडधाकट भाग उचलतो, खराब भागांची नोंद ठेवतो आणि त्यांच्याकडे शेवटी वळतो. दोन रात्री गेल्या. फोटो बहुतेक मिळाले. आठवणींची निम्मी पानं गेली ती गेलीच. ‘‘असू दे, परत लिहीन,’’ बाबा म्हणाले. अजून लिहिलेली नाहीत.

काकांनी पैसे किती घेतले? नव्या एसएसडीचे. बस. ‘‘तुझ्याकडून तपासायचे काय घेऊ?’’ म्हणाले. आणि मीही ‘थँक्यू काका’ म्हणून बाहेर पडलो. त्याच आठवड्यात माझी कंपनी क्लायंटला माझ्या तासांचं डॉलरमध्ये बिल लावत होती. त्यातले बरेच तास ‘नक्की बिघडलंय कुठे’ हे शोधण्याचे. आम्ही त्याला रूट कॉज अ‍ॅनालिसिस म्हणतो. काका त्याला ‘बघून सांगतो’ म्हणतात. फरक नावाचा, आणि पैशांचा.

जॉर्ज अ‍ॅकरलॉफ या अर्थतज्ज्ञाने १९७० साली जुन्या गाड्यांच्या बाजारावर एक निबंध लिहिला होता. (२००१ साली त्याला नोबेल मिळालं, ते याच विषयावरच्या कामाला.) त्याचा सांगावा साधा आहे. विकणाऱ्याला माल चांगला की वाईट हे कळतं, घेणाऱ्याला कळत नाही. मग घेणारा चांगल्या मालालाही चांगला भाव द्यायला तयार होत नाही आणि चांगले विकणारे हळूहळू बाजारातून निघून जातात. काकांच्या गल्लीत हेच चाललंय. बाहेरून दोन्ही दुकानं सारखीच, फरक दिसतो तो फक्त फ्लेक्सवरच्या आकड्यात. गिऱ्हाईक मूर्ख नाही, त्याला दुसरं काही दाखवलेलंच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की काकांनी भाव उतरवू नये, काम दाखवावं. तपासणीचे ३०० रुपये, आधी सांगून, दुरुस्ती करा अगर करू नका. त्या बदल्यात एक कागद: तक्रार काय, कारण काय, खर्च किती आणि काहीच केलं नाही तर काय होईल. डिस्कच्या तब्येतीचा रिपोर्ट प्रिंट करून जोडायचा. जुना पार्ट पिशवीत घालून परत द्यायचा, नव्याचा सीरियल नंबर बिलावर लिहायचा. आणि मशीन हातात घेताना पहिला प्रश्न, ‘‘फाइल कुठे ठेवता?’’ हा एक प्रश्न त्या रविवारी कुणी विचारला असता तर आज मी हे लिहीत नसतो.

या सल्ल्याला गिऱ्हाईकही आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. कितीतरी चांगली मशीन टीपीएम २.० नसल्यामुळे किंवा प्रोसेसर जुना असल्यामुळे विंडोज ११ ला पात्र नाहीत. ‘नवीन घ्या’ म्हणणारे भरपूर आहेत. ‘तुमचं काम फक्त मेल आणि टायपिंग, लिनक्स टाकू, अजून काही वर्षं चालेल’ किंवा ‘यावर पैसे घालू नका’ असं तोंडावर सांगणारा माणूस हवाय. त्या सांगण्याची किंमत ३०० रुपयांपेक्षा नक्कीच जास्त आहे.

मी हे सगळं काकांना फोनवर ऐकवलं. ते म्हणाले, ‘‘बघायचे पैसे मागितले की गिऱ्हाईक पायरी उतरतं रे.’’ खरं आहे. काही उतरतील. पहिले दोन-तीन महिने जड जातील, आणि ते महिने काकांना काढायचेत, मला नाही. सल्ला देणाऱ्याचं भाडं थकत नाही. त्यामुळे हे चालेलच अशी खात्री मी देऊ शकत नाही. दीडशे रुपयांनी चालणार नाही, एवढंच वरच्या हिशोबावरून सांगू शकतो.

पण निम्मी गोष्ट आपल्या हातात आहे. आपण डॉक्टरला कन्सल्टिंग फी देतो, ‘औषध दिलंच नाही, मग पैसे कसले’ म्हणत नाही. पुढच्या वेळी अशा दुकानात गेलात तर आपणहून विचारा, ‘‘काका, तपासायचे किती?’’ आणि ते ‘राहू दे’ म्हणाले तर राहू देऊ नका.

मी येत्या शनिवारी बिजागरी आणायला जाणार आहे. २०२३ची बाकी आहे, तीही देऊन येईन.