सवाई गंधर्व महोत्सव : नेतृत्व बदलले, कसोटी कायम

पुण्याच्या सांस्कृतिक जीवनात डिसेंबर महिना ‘सवाई’च्या नावे राखून ठेवलेला असतो. पं. भीमसेन जोशी यांनी १९५३ मध्ये आपले गुरू रामभाऊ कुंदगोळकर ऊर्फ सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला हा उत्सव आर्य संगीत प्रसारक मंडळाच्या वतीने भरतो. गुरुऋण फेडण्याच्या भावनेतून जन्मलेल्या या उपक्रमाला देशातील अग्रगण्य संगीत महोत्सवाचे रूप आले, त्यामागे भीमसेनजींचा अधिकार होता. त्यांच्या शब्दाखातर दिग्गज कलावंत पुण्यात येत आणि त्याच मंचावर नवोदितांनाही संधी मिळे. समारोपाचे गायन त्यांनीच करायचे, हा जणू अलिखित नियम होता.

एका व्यक्तीच्या प्रभेवर उभ्या राहिलेल्या संस्थांचे पुढे काय होते, हा महाराष्ट्राला नवा नसलेला प्रश्न येथेही उपस्थित झाला. २४ जानेवारी २०११ रोजी भीमसेनजींचे निधन झाले आणि महोत्सवाच्या नावात गुरूच्या जोडीने शिष्याचेही नाव आले. मंडळाची धुरा त्यांचे पुत्र श्रीनिवास जोशी यांच्याकडे आली. समारोपाचा मान किराणा घराण्याच्याच डॉ. प्रभा अत्रे यांनी सांभाळला. जानेवारी २०२४ मध्ये त्याही गेल्या. सवाई गंधर्वांच्या परंपरेशी थेट नाते सांगणारी पिढी अशा रीतीने मंचावरून जवळजवळ ओसरली आहे.

दरम्यान उत्सवाचे स्वरूपही पालटले. एकेकाळी मैफली रात्रभर रंगत आणि पहाटेच्या रागांनी सांगता होई. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी ध्वनिवर्धकाला रात्री दहाची मर्यादा घातली. मोजक्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळत असली, तरी उत्तररात्रीचे राग त्यांच्या वेळी ऐकण्याचे भाग्य रसिकांना उरले नाही. २०१८ मध्ये रमणबागेचे मैदान सोडून महोत्सव मुकुंदनगरला गेला. पेठांतील रसिकाला चालत जाता येणारा उत्सव आता वाहनाने गाठावा लागतो. २०२० मध्ये कोरोनामुळे तो होऊच शकला नाही.

इतके होऊनही मंडप भरतो, ही समाधानाची बाब आहे. तथापि, गर्दी हे यशाचे एकमेव गमक मानणे धोक्याचे ठरेल. भीमसेनजींच्या काळी कलावंतांची निवड हा एका जाणत्या कानाचा कौल होता आणि त्याविषयी सहसा कोणी शंका घेत नसे. वारशाने पद मिळते. तो विश्वास मात्र दरवर्षी नव्याने कमवावा लागतो. त्यासाठी निवडीचे निकष अधिक खुले हवेत आणि अपरिचित गायक-वादकांना भर गर्दीच्या वेळी मंच मिळायला हवा. गुरूच्या स्मृतीसाठी सुरू झालेला हा उत्सव पुढील पिढीचे गुरू घडवू शकला, तरच त्याचे मूळ प्रयोजन शाबूत राहील. अन्यथा उरेल तो केवळ दिमाखदार वार्षिक सोहळा.