ग्रंथपालांचा देशोदेशीचा सोयरसंबंध

ग्रंथपाल म्हणजे कपाटांच्या किल्ल्या सांभाळणारा कारकून, ही समजूत आपल्याकडे अजूनही मुरलेली आहे. डॉक्टर किंवा शास्त्रज्ञ परदेशी परिषदेस निघाले तर कोणास नवल वाटत नाही. ग्रंथपालाने तसे म्हणताच मात्र 'तुमचे तेथे काय काम?' असा प्रश्न होतो. या प्रश्नाचा विचार गोमंतकीयांनी इतरांहून अधिक आस्थेने केला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

१९२७ साली एडिंबरो येथे पंधरा देशांच्या प्रतिनिधींनी ग्रंथालय संघटनांचा आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन केला. 'इफ्ला' या नावाने तो आज ओळखला जातो. ग्रंथांच्या नोंदी सर्वत्र एकसारख्या पद्धतीने व्हाव्यात आणि एका देशातील ग्रंथ दुसऱ्या देशातील वाचकापर्यंत पोहोचावा, यासाठी तो झटत आला आहे. १९९२ साली त्याचे अधिवेशन नवी दिल्लीतही भरले होते.

परंतु ठरावांपेक्षा माणसांच्या गाठीभेटींनी अधिक कार्य साधते. बडोद्याचे सयाजीराव महाराज अमेरिकेतील ग्रंथालये पाहून आले आणि १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास आपल्या संस्थानात पाचारण केले. बॉर्डन सुमारे तीनच वर्षे राहिले. पण तेवढ्या अवधीत ग्रंथपालांच्या शिक्षणाचे वर्ग सुरू झाले आणि फिरत्या ग्रंथपेट्या खेड्यापाड्यांपर्यंत जाऊ लागल्या. मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. ग्रंथालयातील निर्जनतेला कंटाळून ते पुन्हा अध्यापनाकडे वळणार होते. १९२४ साली ते लंडनला गेले, तेथील ग्रंथपालांच्या सहवासात राहिले, आणि परतले ते या कार्यास वाहून घेऊनच. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले आणि पुढे जगभरच्या ग्रंथपालांनी ते अभ्यासले. घेणारा देणारा झाला!

आता गोव्याकडे वळू. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची परंपरा १८३२ पर्यंत मागे जाते, आणि आज ते कृष्णदास शामा यांचे नाव धारण करते, याचा आम्हांस अभिमान आहे. पण आपल्या वाङ्मयाचा केवढा तरी ठेवा सातासमुद्रापार आहे. गोव्यात रोमी लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथांची जुनी हस्तलिखिते पोर्तुगालमधील ब्रागा येथील सार्वजनिक ग्रंथालयात आहेत. फादर स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची १६१६ ची छापील प्रत उपलब्ध नाही. त्याचे देवनागरी हस्तलिखित आहे ते लंडनमध्ये. आपल्या पूर्वजांचे शब्द पाहावयाचे तर परक्याच्या दारी जावे लागते.

आता सर्व काही यंत्रावर घरबसल्या दिसते, मग प्रवासाचा खर्च कशाला, असे कोणी म्हणेल. पण यंत्र दाखवते ते नोंदलेले तेवढेच. रोमी लिपीतील मराठी ओवी ओळखून तिची यथार्थ नोंद करावयाची तर ती भाषा जाणणारा माणूस हवा; आणि तिची प्रतिमा मिळवावयाची तर ग्रंथ ज्याच्या स्वाधीन आहे त्याचा विश्वास हवा. हा विश्वास सरकारी पत्रव्यवहाराने सहसा लाभत नाही. तो समव्यवसायी माणसांच्या परिचयातून, वर्षानुवर्षांच्या देवघेवीतून निर्माण होतो.

परदेश दौऱ्याचे नाव काढताच लोक नाक मुरडतात, आणि ते अगदीच अकारण नाही. म्हणून दौऱ्यांची खैरात व्हावी असे आम्ही म्हणत नाही. भाषा आणि जुनी लिपी जाणणारे दोन-तीन तरुण ग्रंथपाल निवडावेत. त्यांना ब्रागा, लिस्बन आणि लंडन येथील ग्रंथालयांत काही महिने काम करू द्यावे. तेथील ग्रंथपालांना येथे बोलवावे. आणि परतलेल्यांनी काय आणले याचा हिशेब जनतेपुढे ठेवावा. सरकारच्या अंदाजपत्रकात ही रक्कम डोळ्यांतही भरणार नाही.

कागद कोणासाठी थांबत नाही. कसर आणि दमट हवा आपले काम करीतच असतात, आणि जुनी लिपी वाचणारी माणसेही दिवसेंदिवस विरळ होत आहेत. शासनाने आणि ग्रंथालयांच्या चालकांनी हे ध्यानी घेऊन विनाविलंब पाऊल उचलावे, एवढेच आमचे मागणे आहे.