लोभ नव्हे, व्याधी

सणासुदीला दोन घास अधिक खाणे निराळे आणि अतिभक्षणाचा विकार निराळा. या विकारात मनुष्य साधारणतः दोन तासांच्या आत नेहमीपेक्षा पुष्कळच अधिक खातो. हात आवरावा म्हटले तरी आवरत नाही. भूक नसतानाही, बहुधा एकांतात हे घडते आणि मागाहून स्वतःचीच किळस वाटते. आठवड्यातून किमान एकदा, असे तीन महिने चालले, तर तज्ज्ञ त्यास विकार मानतात. डॉ. अल्बर्ट स्टंकार्ड यांनी १९५९ साली त्याचे वर्णन केले. अमेरिकी मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये त्यास स्वतंत्र स्थान दिले.

आपल्या घरांत संयमाला मोठा मान आहे. म्हणूनच अशा व्यक्तीला ‘जिभेवर ताबा नाही’ असे ऐकावे लागते. मग पश्चात्तापाने ती कडक उपवास धरते. परंतु उपाशी राहिल्याने पुढचा आवेग बळावतो, त्यातून लाज आणि लाजेतून पुन्हा उपवास. चक्रवाढ व्याजाप्रमाणे हे ऋण वाढत जाते. ऊनोदरी हे तप आहे. अपराधभावातून केलेली उपासमार तप नव्हे.

घरच्यांनी डब्यांना कुलूप लावू नये, वजनावरून टोचून बोलू नये. वेळेवरचे जेवण आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली विचार व सवयी बदलण्याचे उपचार यांनी पुष्कळांना गुण येतो. अशा व्यक्तीने तपश्चर्येचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना आणि गुरुमहाराजांना सारे मोकळेपणाने सांगावे.