उच्चार आधी की गाणं?

डायना रॉस, मेरी विल्सन आणि फ्लॉरेन्स बॅलार्ड. डेट्रॉइटच्या या 'सुप्रीम्स'चं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' १९६४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. तेच गाणं त्यांनी जर्मनमध्येही ध्वनिमुद्रित केलं. पुढे 'यू कान्ट हरी लव्ह' इटालियनमध्ये गायलं. अशा आवृत्त्या ऐकताना उच्चारांवर हसणारे भेटतात. मला ते पटत नाही. परक्या श्रोत्याच्या भाषेत गाण्यासाठी त्यांनी मेहनत घेतली होती.

उर्दू माध्यमातली माझी मुलं मराठी बोलतात, तेव्हाही लोक आधी त्यांचा 'ळ' तपासतात. ती काय म्हणतात ते राहूनच जातं. 'ळ' मी शिकवीनच. तोवर तुम्ही त्यांचं म्हणणं तरी ऐकाल ना?