घरचें आरोग्य : कारखान्याची पाळी आणि घरचा उंबरठा

साथीचा रोग शरीराइतकाच मनावरहि चालून येतो, हें कोरोनानें आपणां सर्वांस शिकविलें. 25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी झाली आणि पिंपरी, भोसरी, चाकण येथील यंत्रांचा खडखडाट थांबला. पुढें कारखाने टप्प्याटप्प्यानें उघडले. परंतु मुखपट्टी बांधून पाळीवर निघालेल्या मनुष्यापुढें दुहेरी संकट होतें. कामावर जावें तर रोग घरीं येईल, न जावें तर वेतन बुडेल!

एकत्र कुटुंबांत हें ओझें अधिकच जड. घरांत वृद्ध आईबाप आणि लहान मुलें. त्यामुळें कामावरून परतलेल्या मुलाकडे वा सुनेकडे सर्वांची दृष्टि साशंक. अशा वेळीं अंगांत कणकण असली तरी 'कांहीं नाहीं, जागरण झालें' असें म्हणण्याचा मोह होतो. आमच्या मतें श्रमांपेक्षां ही लपवालपवीच मनास अधिक पोखरते. आणि रोगासहि तिचाच आधार मिळतो.

यावर उपाय घरच्या वडीलधाऱ्यांच्या हातीं आहे. साथ नसतांनाच तीन गोष्टी ठरवून ठेवाव्या. पहिली, आजाऱ्यासाठीं कोणती खोली मोकळी करावयाची ही. म्हणजे वेगळें राहणें ही शिक्षा वाटत नाहीं. दुसरी, वेतनाची तजवीज. राज्य कामगार विमा योजनेंत नांव असून नियमाप्रमाणें वर्गणी भरलेली असल्यास, वर्षांतून 91 दिवसांपर्यंत वेतनाच्या 70 टक्के आजारभत्ता मिळतो. आपलें नांव नोंदलें आहे कीं नाहीं, हें कंत्राटी कामगारानें तर आधींच पाहून ठेवावें. तिसरी, रात्रीं जेवणानंतर बातम्या बंद करून घटकाभर बोलत बसण्याची रीत. 'कोणाकोणास शिवलास?' अशी उलटतपासणी नको; 'आज काम कसें झालें?' एवढें विचारणें पुरे.

इतकें करूनहि झोप उडालेलीच राहिली वा अन्नावरची वासना गेली, तर वैद्यांचा सल्ला घेण्यांत कमीपणा मानूं नये. ऑक्टोबर 2022 मध्यें सुरू झालेली सरकारची 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा 14416 या दूरध्वनि-क्रमांकावर मराठींतूनहि मिळते.

कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचें 5 मे 2023 रोजीं जाहीर झालें; परंतु साथी पुन्हां येणारच. ज्या घराच्या उंबरठ्यावर कमावत्या मनुष्यास 'मला बरें वाटत नाहीं' एवढें निर्भयपणें सांगतां येतें, तें घर पुढील साथीस तोंड देण्यास तयार आहे, असें समजावें.