ढोकळ्यावरचे लाल ठिपके

मागे एकदा पाहुणे यायचे म्हणून ढोकळा केला. झाकण काढले तर पिवळ्याधमक ढोकळ्यावर लाल ठिपके! चव साबणासारखी. सासूबाई म्हणाल्या, "हळदच भेसळीची दिसते." आमचे पुसेगाव हिंगोली जिल्ह्यातले, म्हणजे हळदीच्याच मुलखातले. हळदीवरचा हा आळ मला काही सोसवेना.

चूक माझीच होती. खाण्याचा सोडा आणि लिंबू एकत्र आले की कार्बन डायऑक्साइड निघतो आणि त्याच्या बुडबुड्यांनी पीठ फुगते. आंबट कमी पडले की सोडा उरतो, आणि उरलेला सोडा हळदीला लाल करतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो ना, तेच हे. एका कागदी लिंबाचा रस चहाच्या पाव चमचा सोड्याला जेमतेम पुरतो. मी घातला होता चमचाभर! पीठ आंबट ताकात भिजवले असेल तर लिंबू कमी लागेल. आणि सोडा घालावा तो खालचे पाणी उकळल्यावरच, नाहीतर सगळा फेस पातेल्यातच विरतो.

सासूबाईंना मी कढत पाण्यात हळद न् सोडा कालवून दाखवला. पाणी तांबूस झाले. लिंबू पिळल्यावर फसफसून पुन्हा पिवळे! ही गंमत बघायला मामंजीही आले, आणि मला एकदम त्यांचा रोजचा पेला आठवला.

मामंजींना रक्तदाबाची गोळी चालू आहे. रात्री जळजळते म्हणून ते चमचाभर सोडा लिंबू पिळून घेत. लिंबाने सोडा मरतो, मग काय बिघडले, असा त्यांचा समज. खरे सांगू, माझाही. पण उडून जातो तो फक्त वायू. सोडियम सगळे पेल्यातच राहते! चमचाभर सोड्यात ते सव्वा ग्रॅमच्या आसपास असते, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून 2 ग्रॅमहून कमी घ्या म्हणते. मी भाजीतले मीठ कमी केल्याचे मिरवत होते आणि पेलाही मीच भरून देत होते, बाई!

डॉक्टरांना या पेल्याबद्दल कुणी बोललेच नव्हते. दुसऱ्या दिवशी मी सांगितले. त्यांनी तो बंद करायला लावला आणि रोज का जळजळते तेही तपासले. तुमच्या घरी कुणी असा पेला घेत असेल, तर गोळ्यांबरोबर तोही डॉक्टरांच्या कानावर घाला. आमच्याकडे आता रात्रीचे जेवण लवकर होते, आणि सोड्याची डबी वरच्या फळीवर गेली आहे. मामंजी अजून कुरकुरतात.