पेटी माझी, किल्ली त्यांची

नटांना वेल्डिंग मारलेलं इंजिन कोल्हापुरात कोणी विकून दाखवावं. गिऱ्हाईक आधी त्या वेल्डिंगकडं बघेल, मग विकणाऱ्याकडं बघेल आणि पुढं जे बोलेल ते इथं लिहिता येणार नाही. उद्यमनगरात 'हे उघडायचं नाही' हे वाक्य शिवीसारखं ऐकू येतं. याच गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली सिनेमाचा कॅमेरा घरच्या घरी तयार केला. आनंदराव पेंटर त्याच ध्यासात १९१६ मध्ये गेले, पण काम थांबलं नाही. आम्ही अजून त्याचा अभिमान मिरवतो.

आणि त्याच आमच्या घरांत आज वेल्डिंग मारलेल्या पेट्या पडल्यात आणि कोणाला काही वाटत नाही. राउटर, सेट टॉप बॉक्स, सीसीटीव्हीचा डीव्हीआर. मला बोलायचंय ते 'नॅस' नावाच्या पेटीबद्दल. राउटरला जोडायची, एक-दोन हार्ड डिस्का बसणारी ही छोटी पेटी असते, घरातले सगळे कॉम्प्युटर आणि फोन तिच्यात फोटो, गाणी, कागदपत्रं ठेवतात. बाकीच्या पेट्या बिघडल्या तर गैरसोय होते. ही बिघडली तर घरातलं काहीतरी कायमचं जातं, म्हणून राग हिच्यावर काढतोय.

ओळखीतल्या एका फोटोग्राफरची अशी पेटी एका सकाळी सुरू होईना. नुसता दिवा लुकलुकायचा. दुकानात नेली. तिथल्या पोरानं डिस्क काढून विंडोजच्या कॉम्प्युटरला लावली, विंडोजनं विचारलं, "फॉरमॅट करायची का?" पोरगा म्हणाला, "साहेब, डिस्क गेली. पेटी पण गेली. हे मॉडेल आता येत नाही, टाकून द्या." त्यानं टाकून दिली. दहा वर्षांची लग्नं, बारशी, मुंजी भंगारात गेल्या.

डिस्क गेली नव्हती, असं मला आजही वाटतं. या पेट्यांच्या आत लिनक्स असतं आणि डिस्क लिनक्सच्या पद्धतीनं आखलेली असते. विंडोजला ती पद्धत वाचता येत नाही, म्हणून ते सरळ पुसायची परवानगी मागतं. कानडी पुस्तक हातात आल्यावर 'कोरं दिसतंय, रद्दीत देऊ का?' असं विचारण्यापैकी हे आहे. त्या पोराला दोष देत नाही मी. त्याला हे सांगायचं काम ज्यांचं होतं त्यांनी खोक्यावर एक ओळसुद्धा छापली नव्हती. काही पेट्यांत तर याच्यापुढची गंमत असते. वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह'मध्ये डिस्कवरचे ब्लॉक ६४ केबीचे होते. नेहमीचं लिनक्स आपल्या पीसीवर त्या डिस्कला हात लावायचं नाही, वेगळी अवजारं काढून माहिती उपसावी लागायची. म्हणजे माहिती तुमची, डिस्क तुमची, पण वाचायची तर त्यांच्याच पेटीतून.

माझ्याकडची पेटी वेगळ्या कंपनीची. तिचा पहिला आजार तर आजारच नव्हता. ती जशीच्या तशी चालू होती, पण घरातला नवा कॉम्प्युटर तिला ओळखेना. कारण असं की २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्रायनं जगभर धुमाकूळ घातल्यावर मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षीच्या विंडोजपासून एसएमबी-१ ही फायली वाटायची जुनी भाषा मुळातून देणंच बंद केलं. योग्य केलं. पण माझ्या पेटीला तेवढीच भाषा येत होती. नवी भाषा बोलणारं सांबा तर २०११ पासून फुकट मिळत होतं! कंपनीनं ते पेटीत घालून एक अपडेट सोडायचं होतं, बास. त्यांनी सोडलं नाही. साइटवर एक ओळ आली: हे मॉडेल आता सपोर्टमध्ये नाही.

मग मी तिच्यात डेबियन घातलं. इथं भाचा म्हणाला (तो हिंजवडीत, मोठ्या कंपनीत), "मामा, कशाला खटपट करताय? नवी घ्या नाहीतर सगळं क्लाउडवर टाका." हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय की हा लेख खरं तर त्या वाक्यालाच उत्तर आहे.

डेबियन घातलं, चाललं, वर्षभर उत्तम चाललं. नंतर मोठी डिस्क बसवली आणि पेटी उठेना. तोच लुकलुकणारा दिवा. पण माझ्याकडं एक गोष्ट होती जी त्या फोटोग्राफरकडं नव्हती: या पेट्या बोलतात हे मला माहीत होतं. आतल्या पट्टीवर बहुतेक चार बारीक भोकं असतात, सिरियल कन्सोलची. कारखान्यात पोरं तिथं वायर लावून पेटी तपासतात, आणि बाहेर पाठवताना पिना न लावता, कुठंही न छापता, झाकण लावून टाकतात. मल्टिमीटरनं एकेक भोक शोधावं लागतं. यूएसबीच्या पत्र्याशी जुळतं ते ग्राउंड. एकावर कायम ३.३ व्होल्ट. सुरू करताना ज्याचा काटा थरथरतो ते पेटीचं बोलणं, उरलेलं ऐकणं. जोडायला ३.३ व्होल्टचाच यूएसबी अडॅप्टर पाहिजे. जुन्या कॉम्प्युटरचा सिरियल पोर्ट सरळ लावला तर व्होल्टेज जास्त जाऊन पेटी खरंच मरते.

वेग ११५२०० ठेवला आणि पडद्यावर अक्षरं पळायला लागली. पेटी बिचारी पहिल्यापासून सगळं सांगत होती. बूटलोडर आला, कर्नल आला, मेमरी ठीक, नेटवर्क ठीक, आणि शेवटी: मूळ डिस्क सापडली नाही, म्हणून थांबतो. डिस्क तर होती. बघितलं तर तिच्याबद्दलची ओळच आली नव्हती. नवी डिस्क मोठी, फिरून वेग घ्यायला तिला काही सेकंद जास्त लागत होते, आणि कर्नल तेवढं थांबत नव्हता. पाहुणा जिना चढतोय आणि यजमान 'कोणी आलंच नाही' म्हणून दार लावतोय. बूटलोडरला सूचना देता येतात, त्यात 'रूटडिले' नावाचा एक शब्द आणि दहाचा आकडा घातला. दहा सेकंद थांब. पेटी उठली.

उठल्यावर घड्याळात १ जानेवारी १९७०! नव्या पॅकेजांच्या याद्या घेईना, कारण तिच्या हिशेबानं त्या अजून पन्नास वर्षांनी येणार होत्या. आतला बटणासारखा सेल संपला होता. कुठल्याही घड्याळवाल्याकडं मिळतो तो.

एक शब्द आणि एक सेल. दुकानात नेली असती तर 'टाकून द्या' हेच ऐकलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. कंपनी म्हणते, पेटी बंद ठेवतो ती तुमच्या सुरक्षेसाठी. ऐकायला बरं वाटतं. २०२१ च्या जूनमध्ये काय झालं ते बघा. त्याच 'माय बुक लाइव्ह' पेट्या जगभर एका झटक्यात रिकाम्या झाल्या. कोणीतरी बाहेरून 'फॅक्टरी रिसेट'चा हुकूम सोडला होता. तपासात निघालं की रिसेट करण्याआधी पासवर्ड विचारणारा कोड लिहिलेला होता, पण कोणीतरी त्या ओळी निकामी करून ठेवल्या होत्या. शेवटचं अपडेट २०१५ चं. कंपनीनं नंतर माहिती परत मिळवून देण्याची सोय केली, हे खरं. पण सहा वर्षं ती पेटी कुलूपबंद होती आणि राखणदार निघून गेला होता. २०२४ मध्ये डी-लिंकच्या जुन्या नॅसमध्ये बिनपासवर्डचं खातं सापडलं, इंटरनेटवर उघड्या असलेल्या ९२,००० च्या वर पेट्यांचा आकडा तेव्हा सांगितला गेला. कंपनीचा सल्ला काय? या पेट्या वापरातून काढा, नव्या घ्या. कुलूप त्यांचं, भोक त्यांचं आणि भुर्दंड आपला.

आणि आतलं सामान कोणाचं? लिनक्स, यू-बूट, सांबा, सगळं लोकांनी लिहून वाटलेलं. त्याची अट एवढीच, की विकत असाल तर गिऱ्हाईकाला सोर्स कोड द्या. मी माझ्या पेटीच्या कंपनीला तो मागितला. बऱ्याच आठवड्यांनी तेच उत्तर: मॉडेल सपोर्टमध्ये नाही. लायसन्समध्ये लेखी हमीची किमान मुदत तीन वर्षांची आहे, तेव्हा कायद्यानं ते बरोबरही असतील. पण फुकट मिळालेल्या पिठाची भाकरी विकायची आणि पीठ कुठलं विचारलं की दार लावायचं, याला आमच्याकडं वेगळा शब्द आहे.

दबाव आणला की बदल होतो, हेही दिसलेलं आहे. २००३ मध्ये लिंक्सिसच्या राउटरचा सोर्स लोकांनी मागून मागून उघडायला लावला, त्यातनं ओपन-डब्ल्यूआरटी उभं राहिलं. त्याच लिंक्सिसचा २००४ चा एनएसएलयू-२ हा ठेंगणा डबा, ३२ एमबी मेमरीचा. त्यात प्रोसेसर होता २६६ मेगाहर्ट्झचा, पण सुरुवातीच्या डब्यांत तो निम्म्या वेगानं, १३३ वर पळवला जायचा. लोकांनी उघडून बघितलं तर कारण एक रेझिस्टर. काविया तापवून तो काढला की वेग दुप्पट! काढणारा प्रत्येक जण मला उद्यमनगरातलाच वाटतो. अगदी अलीकडं, २०२५ मध्ये, सिनॉलॉजीनं नव्या प्लस पेट्यांत आपल्याच डिस्का घाला असं बंधन आणलं, लोक खवळले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते सैल करावं लागलं.

राहिला क्लाउड. भाच्याला मी ऑगस्ट २०१९ ची आठवण करून दिली. पंचगंगा धोक्याची ४३ फुटांची पातळी ओलांडून कुठल्या कुठं गेली होती, शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली, गाव तुटलेलं. त्या दिवसांत 'क्लाउड' म्हणजे वर दिसत होते तेवढेच. गूगलनं फोटोंची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद केली, हेही सांगितलं. तो म्हणाला, "पण मामा, पुरात पेटी पण बुडेल की." बरोबर आहे त्याचं. म्हणून माझी पेटी माडीवर आहे आणि दुसरी प्रत त्याच्याच आईकडं पुण्यात आहे. क्लाउडवर तिसरी प्रत ठेवा, माझं काही म्हणणं नाही. पण एकमेव प्रत दुसऱ्याच्या दारात ठेवून त्याला शहाणपण म्हणू नका. वेस्टर्न डिजिटलची 'माय क्लाउड' सेवा एप्रिल २०२३ मध्ये दहाएक दिवस बंद होती, तेव्हा लोकांना स्वतःच्या घरात, टेबलावर असलेल्या पेटीत नेहमीच्या रस्त्यानं शिरता येईना. काय म्हणायचं याला?

डेबियननंही शेवटी हात काढलाच, असं कोणी म्हणेल. माझ्या पेटीच्या जातीच्या प्रोसेसरसाठी २०२५ ची १३ वी आवृत्ती शेवटची. पण त्यांनी जाताना सगळा कोड उघड्यावर ठेवला, ज्याला जमेल त्यानं पुढं न्यावा. कोणी नेणार नाही कदाचित. तरी वारस न मिळणं वेगळं आणि मृत्युपत्रच जाळून टाकणं वेगळं.

आपल्या सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. शेतीची अवजारं, मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणं, गाड्या असे चार विभाग. चांगली गोष्ट आहे. पण तिथं कंपन्यांनी सर्व्हिस सेंटरचे पत्ते देऊन भागत नाही. सपोर्ट बंद करायचा त्या दिवशी बूटलोडर खुला करा, सोर्स ठेवा, आणि चार पिनांचा क्रम छापा, एवढं कायद्यानं मागायला पाहिजे. यात त्यांचा एक रुपया जात नाही. जातं ते नव्या पेटीचं गिऱ्हाईक, आणि दुखणं नेमकं तिथंच आहे.

तोवर ज्याच्या घरी अशी पेटी लुकलुकत असेल त्यानं विंडोजच्या त्या प्रश्नाला 'नाही' म्हणावं आणि डिस्क लिनक्सच्या कॉम्प्युटरला लावून बघावी, शक्यतो फक्त वाचण्यापुरती. पेटी भंगारात द्यायचीच असली तर डिस्क काढून मग द्यावी. माझ्या पेटीच्या झाकणाला आतून मी मार्करनं लिहून ठेवलंय: डावीकडून ग्राउंड, ऐकणं, बोलणं, ३.३ (याला वायर लावू नये).